गिअरबॉक्स बदलला आणि गाडी सुरूच होईना

गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे एकट्या गिअरबॉक्सचं काम नसतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो इंजिनाच्या कडेला, बरोबर बॅटरीच्या खाली बसलेला असतो. तिथवर हात पोचायचा तर आधी बॅटरी निघते, मग तिचा ट्रे, मग एअर फिल्टरचा डबा आणि त्याची जाड रबरी नळी. त्यानंतर गिअरच्या केबल, क्लचची केबल किंवा पाइप, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर), दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे), माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्सचे आधार). वायरिंगचे पाच-सहा कपलर (वायरींचे प्लॅस्टिकचे जोड) सुटतात, अर्थिंगच्या (प्रवाह बॅटरीकडे परत नेणाऱ्या) दोन-तीन वायरी सुटतात, आणि इंजिन एका बाजूने जॅकवर तोललेलं राहतं. एवढं सगळं परत जागच्या जागी लावून चावी फिरवावी आणि गाडीने हूं की चूं करू नये, असं बऱ्याचदा होतं.

अशा वेळी पहिली शंका इंजिनावर जाते, दुसरी ईसीएमवर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरवर. दोन्हीकडे जायची घाई नको. गाडी गॅरेजमध्ये आली तेव्हा तिचे गिअर पडत नसतील, बेअरिंग घुमत असेल, क्लच घसरत असेल, पण इंजिन सुरू होत होतं. मधल्या काळात इंजिनाच्या आत कुणी हात घातलेला नाही. हात जिथे जिथे गेला होता, दोष तिथेच आहे. म्हणून काम कोणत्या क्रमाने उघडलं तो क्रम आठवायचा आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा एकदा बघायचं. हे सोडून आधी बॅटरी, मग सेल्फ, मग ईसीएम असं एकेक नवं आणून लावत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. यात गाडीमालकाचे हजारो रुपये जातात आणि शेवटी एक दहा नंबरचा बोल्ट सैल निघतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हा खर्च पूर्ण टाळता येण्यासारखा असतो.

एक प्रश्न मात्र सुरुवातीलाच विचारून घ्यावा: गाडी स्वतः चालत आली होती की टो करून आणली होती? टो करून आली असेल आणि ती सुरू होत होती असं कुणीच खात्रीने सांगत नसेल, तर वरचं गृहीतक टिकत नाही. मग जुनं दुखणं आणि नवं काम असे दोन्ही धागे तपासावे लागतात.

आता कान. चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं, यावर पुढची सगळी दिशा ठरते. काहीच आवाज नसेल तर सेल्फला हुकूमच पोचत नाही, किंवा पोचतो पण अर्थिंग नाही. एकदाच ठसठशीत ‘टक्’ झालं आणि पुढे शांतता, तर सॉलेनॉइड (सेल्फवरचा विजेचा चुंबक) ओढला गेला पण मोटर फिरली नाही. ‘टकटकटक’ अशी भराभर टकटक झाली तर सॉलेनॉइड ओढतोय आणि व्होल्टेज पडल्यामुळे लगेच सोडतोय. बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल, हा त्याचा सरळ अर्थ. सेल्फ नुसताच गरगर फिरला आणि इंजिन जागचं हललं नाही, तर त्याचं पिनियन (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाच्या) रिंग गिअरमध्ये, म्हणजे कडेच्या दातांत, जात नाही. दात घासल्याचा कर्कश आवाज आला तर तिथेच थांबावं, दुसऱ्यांदा चावी फिरवू नये. आणि इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेट घेत नाही, तर सेल्फची बाजू निर्दोष आहे. ती कहाणी वेगळी, तिच्याकडे नंतर येतो.

बॅटरीवर फार वेळ घालवायचा नाही, पण तिला वगळून पुढेही जायचं नाही. काम चालू असताना दोन-तीन दिवस दरवाजे उघडे राहतात, आतला दिवा जळत राहतो, कुणीतरी टेप लावतो. बॅटरी काढून बाजूला ठेवली असेल तर हे टळतं, पण मग टर्मिनल परत घट्ट बसलं का, हा प्रश्न येतो. मल्टिमीटरवर स्थिर बॅटरीचे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा आणि मगच पुढचं बोला. सेल्फ मारताना हाच आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. टर्मिनलचा क्लॅम्प हाताने पिळून बघायचा. जरा जरी फिरला तरी तो सैल आहे. वरून नट आवळलेला दिसतो, पण क्लॅम्पची दोन टोकं एकमेकांना टेकलेली असतील तर आवळूनही पकड बसत नाही.

यानंतर येते ती या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी जागा: अर्थिंग.

बॅटरीच्या निगेटिव्हमधून सहसा दोन वायरी निघतात. एक बारीक, ती बॉडीला लागते. दुसरी जाड, ती इंजिनाला किंवा थेट गिअरबॉक्सच्या हाऊसिंगला लागते. बऱ्याच गाड्यांत तिचा लग (टोकाची धातूची कडी) गिअरबॉक्सच्याच एखाद्या बोल्टखाली किंवा सेल्फच्या बोल्टखाली असतो. सेल्फचा सगळा प्रवाह याच जाड वायरीतून परत येतो. गिअरबॉक्स उतरवताना ती सोडावीच लागते. बसवताना ती बॅटरीच्या ट्रेखाली दबून राहते, आणि ट्रे बसला की दिसेनाशी होते. चूक किती सहज होते ते यावरून लक्षात यावं.

तिची खूण ओळखायला सोपी आहे. हेडलाइट झगझगीत, हॉर्न खणखणीत, डॅशबोर्डचे सगळे दिवे जागच्या जागी, आणि सेल्फ मारला की काहीच नाही. हेडलाइट आणि हॉर्नचं अर्थिंग बॉडीच्या बारीक वायरीवर चालतं, ते शाबूत आहे, इंजिनाचं नाही. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. सेल्फ मारताना हेडलाइट चालू ठेवायचे. दिवे एकदम मंदावले तर प्रवाह वाहतोय, म्हणजे बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ नाहीतर इंजिन जाम आहे. दिवे जराही हलले नाहीत तर प्रवाह वाहतच नाही, म्हणजे कुठेतरी वाट तुटली आहे. एका साध्या निरीक्षणात निम्म्या शक्यता बाद होतात.

वायर लावलेली आहे, बोल्टही आवळलेला आहे, तरी अर्थ मिळत नाही, असंही होतं. नवा किंवा दुरुस्त करून आणलेला गिअरबॉक्स कधी कधी रंग मारून येतो. ज्या टेकीवर लग बसायचा तिथेच रंगाचा थर असतो. जुन्या ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगवर पांढुरकी बुरशी धरल्यासारखा ऑक्साइडचा थर असतो. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात काढलेल्या गाडीच्या लगवर हिरवा गंज चढलेला असतो. बोल्ट कितीही आवळला तरी मधे तो थर राहतोच. लग काढायचा, टेकी आणि लग दोन्ही वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायचे, लग सपाट बसवायचा, आवळायचा, आणि मग वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. जेली आधी लावून मग आवळणाऱ्यांचीही गाडी चालते, पण स्वच्छ धातूवर स्वच्छ धातू दाबून मग वरून झाकणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

हा थर मल्टिमीटरच्या ओहमवर सापडत नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर ते दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. अर्थिंगच्या जोडावर फक्त ०.०५ ओहम विरोध असेल तर दीडशे अँपिअरला तिथेच साडेसात व्होल्ट खर्च होतील. म्हणजे तितका प्रवाह वाहूच शकत नाही आणि सेल्फला उरलंसुरलं मिळतं. पण ०.०५ ओहम साध्या मीटरला दिसत नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच विरोध त्याहून मोठा असतो. ‘कंटिन्युइटी आहे, बीप वाजतोय’ असं म्हणून लोक पुढे जातात आणि फसतात. केबलचा एकच तंतू शिल्लक असला तरी बीप वाजतो. टाकी भरलेली असली तरी गाळाने भरलेल्या पाइपाला नळ उघडल्यावर करंगळीएवढीच धार येते, तसं हे आहे. विरोध मोजायचा तो प्रवाह वाहत असतानाच.

त्यासाठी मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा वाचा. ०.२ च्या आसपास असेल तर अर्थिंग उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर जोड खराब. आणि आकडा थेट दहा-बारा व्होल्टवर जाऊन बसला तर इंजिनाला अर्थच नाही. हीच चाचणी पॉझिटिव्ह बाजूला: लाल पिन पॉझिटिव्ह खांबावर, काळी सेल्फच्या जाड स्टडवर, सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, त्यापुढे नाही. मीटर नसेल तर चांगल्या जाडीची जम्पर केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिन ब्लॉकवर लावून सेल्फ मारा. गाडी लगेच सुरू झाली तर शोध संपला.

अर्थ नसताना वारंवार सेल्फ मारत राहणं धोक्याचं आहे. प्रवाह दुसरी वाट शोधतो. गिअरच्या केबलची धातूची आवरणं, क्लच केबल, जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटर केबल, जे काही इंजिनाला बॉडीशी जोडतं त्यातून तो जायला बघतो. केबल तापते, प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो, कधी धूर निघतो. असा वास आला की चावी बंद आणि निगेटिव्ह टर्मिनल काढून बाजूला. तापलेली केबल पुढे अडकून अडकून चालते, ती बदलावीच लागते.

अर्थ नीट आहे, बॅटरी भरलेली आहे, तरी सेल्फ गप्प, तर सेल्फवरची बारीक वायर बघा. सॉलेनॉइडवर एक जाड केबल नटाने आवळलेली असते, तो तीस नंबरचा टर्मिनल. आणि एक बारीक वायर नुसती दाबून बसवलेली असते, तो पन्नास नंबरचा. चावी फिरवल्यावरचा हुकूम या बारीक वायरीने येतो. सेल्फ बसवताना ती मागे राहते, किंवा तिचं पातं टर्मिनलच्या शेजारून वर चढतं आणि बसल्यासारखं वाटतं. चाचणी दिव्यानेच करावी, २१ वॅटचा बल्ब होल्डरला लावून. पन्नास नंबरवर चावी फिरवताना दिवा लख्ख पेटला तर हुकूम येतोय आणि दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या बसण्यात आहे. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी विरोध. पेटलाच नाही तर मागे जायचं: फ्यूज, स्टार्टर रिले, क्लच स्विच, इग्निशन स्विच. रिलेचा संशय असेल तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

स्क्रूड्रायव्हरने तीस आणि पन्नास जोडून सेल्फ फिरवण्याची पद्धत सगळीकडे आहे. तिच्यात माहिती मिळते हे खरं, पण गाडी गिअरमध्ये असेल तर ती समोरच्याच्या अंगावर उडी मारते. नव्याने बसवलेल्या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या केबल अजून जुळवलेल्या नसतात. आत लीव्हर न्यूट्रल दाखवतो आणि खाली पहिला पडलेला असतो. म्हणून पुढची चाकं उचलून स्टँडवर, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, आणि गाडीखाली कुणी नाही, एवढं झाल्याशिवाय हा प्रयोग नको.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर एका विशिष्ट जागी बघा. गिअरबॉक्स इंजिनाला चिकटवताना वायरिंगची एखादी फांदी बेल हाऊसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला टेकणारं रुंद तोंड) आणि इंजिन ब्लॉकच्या मधे सापडते. बोल्ट आवळले की वायर चपटी होते, आवरण फाटतं, तांबं हाऊसिंगला टेकतं. रिव्हर्स स्विचची वायर, क्रँक सेन्सरची वायर आणि सेल्फची बारीक वायर या तिघींचा मार्ग तिथूनच जातो. टॉर्च घेऊन जोडाची सगळी रेघ वरून आणि खालून बघायची. वायर दिसली तर ती ओढून काढायची नाही. बोल्ट सैल करून, फट पाडून सोडवायची.

क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही अशा गाड्या आता पुष्कळ आहेत. पेडलच्या वरच्या टोकाला एक छोटा स्विच असतो, पेडल तळाला गेलं की तो दाबला जातो. क्लच हायड्रॉलिक असेल आणि काम करताना पाइप सोडला असेल, तर एअर काढल्याशिवाय पेडलला जोर येत नाही. काही वेळा पेडल अर्ध्यातच लटकून राहतं आणि स्विचपर्यंत पोचत नाही. केबलचा क्लच असेल तर केबलचं ॲडजस्टमेंट. स्विचच्या कपलरमध्ये बारीक वायरीचा तुकडा घालून तो तात्पुरता जोडून बघता येतो, पण तो तुकडा तसाच ठेवून गाडी देऊ नये. लहान मुलाने बाहेरून हात घालून चावी फिरवली आणि गाडी गिअरमध्ये असली तर काय होईल, याचा विचार करूनच तो स्विच बसवलेला आहे.

आता ‘टक्’ होऊन थांबणाऱ्या गाडीकडे. सगळं विजेचं ठीक असून मोटर फिरत नसेल तर इंजिन हाताने फिरतं का ते बघायचं. पुढचं उजवं चाक काढून क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट आणि लांब दांडा लावायचा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवायचं. स्पार्क प्लग काढले तर हाताला फरक लगेच कळतो. फिरत नसेल तर चार शक्यता. पहिली, फ्लायव्हील अडवायला लावलेलं लॉक किंवा रिंग गिअरच्या दातात खुपसलेला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. ऐकायला अशक्य वाटेल, पण घाईत होतं. दुसरी, गिअरबॉक्समध्ये एकाच वेळी दोन गिअर पडले आहेत. चाकं उचलून ती हाताने फिरतात का ते बघितलं की हे कळतं, आणि क्लच दाबल्यावर इंजिन मोकळं होत असेल तर शिक्कामोर्तब. तिसरी, क्लच प्लेट उलटी बसली. तिच्या मधल्या हबची उंच बाजू गिअरबॉक्सकडे हवी. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासतो आणि क्लच सुटत नाही. बऱ्याच प्लेटांवर फ्लायव्हीलची बाजू कोणती ते छापलेलं असतं, ते वाचून मगच बसवावी.

चौथी शक्यता ऑटोमॅटिक गाड्यांची आणि सगळ्यात महाग. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असलेला, तेलावर चालणारा गोल डबा) गिअरबॉक्सवर चढवताना तीन टप्प्यांत आत जातो: शाफ्टची स्प्लाइन (दांड्यावरच्या उभ्या खाचा), मग स्टेटरची, मग पंपाच्या खाचा. हाताने फिरवत फिरवत ढकलला की प्रत्येक टप्प्याला तो खळकन आत सरकतो. शेवटचा टप्पा राहून गेला आणि तसाच गिअरबॉक्स इंजिनाला लावला, तर बोल्ट आवळताना कन्व्हर्टर पंपावर दाबला जातो. पंप फुटतो, इंजिन जाम होतं. बरोबर बसलेल्या कन्व्हर्टरमध्ये आणि फ्लेक्स प्लेटमध्ये (फ्लायव्हीलच्या जागी असलेली पातळ चकती), बोल्ट लावण्याआधी, साधारण ३ ते ५ मिलिमीटर फट राहते आणि कन्व्हर्टर हाताने फिरतो. फट नसेल तर गिअरबॉक्स खाली घ्यायचा, दुसरा मार्ग नाही.

याच अनुषंगाने एक नियम, मॅन्युअल असो की ऑटोमॅटिक: बेल हाऊसिंग बोल्टने ओढून जवळ आणायचं नसतं. दोन पोकळ डॉवेल पिनांवर (नेमकी जागा जुळवणाऱ्या पिनांवर) ते हाताने, हलवत हलवत, पूर्ण टेकलं पाहिजे, बोल्ट नंतर. शेवटचे पाच-दहा मिलिमीटर बोल्टने ओढले की कान तडकतो किंवा आतलं काहीतरी वाकतं. आणि ते डॉवेल जुन्या गिअरबॉक्समध्येच राहून भंगारात गेले का, हेही बघायला हवं. डॉवेल नसले तर हाऊसिंग केसभर सरकून बसतं. सेल्फचं पिनियन आणि रिंग गिअर यांच्यातलं अंतर बिघडतं, दात घासतात. सेल्फचा तो कर्कश आवाज बरेचदा इथून येतो, आणि दोष सेल्फच्या माथी मारला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

सेल्फ गरगरतो पण इंजिन फिरत नाही, याचं दुसरं कारण चुकीचं फ्लायव्हील. त्याच मॉडेलच्या पेट्रोल-डिझेल किंवा जुन्या-नव्या आवृत्त्यांत रिंग गिअरचा व्यास आणि दात वेगळे असू शकतात. जुनं फ्लायव्हील हातात असेपर्यंत दात मोजून घ्यावेत, जाडी मोजून घ्यावी, दोन मिनिटांचं काम.

आता दुसरी कहाणी. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. इथे संशयित नंबर एक क्रँक सेन्सर.

क्रँकशाफ्ट कुठल्या कोनात आहे हे ईसीएमला या सेन्सरवरून कळतं. ते कळलं नाही तर ना स्पार्क, ना इंजेक्टर. पुष्कळ इंजिनांत हा सेन्सर फ्लायव्हीलच्या बाजूला, बेल हाऊसिंगच्या वरच्या कडेला बसतो, म्हणजे गिअरबॉक्सच्या अगदी शेजारी. (काहींत तो पुलीच्या बाजूला असतो, तिथे त्याच्यावर संशय कमी, पण इंजिन तिरकं झाल्याने वायर ताणली गेली असू शकते.) सेन्सर न काढता गिअरबॉक्स ओढला की त्याचं टोक तुटतं किंवा चेपतं. म्हणून तो आधी काढून, पुसून, कापडात गुंडाळून ठेवायचा. त्याच्या चुंबकी टोकाला क्लचचा लोखंडी चुरा चिकटतो, तोही पुसायचा. समोरच्या दातांपासून त्याचं अंतर बहुतेक ठिकाणी अर्धा ते दीड मिलिमीटर असतं. सेन्सर नीट टेकला नाही, खाली कचरा राहिला, वॉशर जास्तीचं लागलं, तर तेवढ्यानेच सिग्नल मरतो.

तो ज्या चक्राचे दात वाचतो त्यावर बहुतेकदा साठ दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून ईसीएमला शून्य कुठे ते समजतं. हे चक्र फ्लायव्हीलवरच असेल आणि फ्लायव्हील काढून परत लावलं असेल, तर ते मूळ जागीच लागलं का ते बघावं. बऱ्याच इंजिनांत बोल्टची भोकं विषम अंतरावर असल्यामुळे ते चुकीचं बसतच नाही, पण सगळ्याच इंजिनांत तशी सोय नसते. काढण्यापूर्वी फ्लायव्हील आणि क्रँकवर पंचने एक खूण केली की हा प्रश्नच उरत नाही.

तपासायचं असं. स्कॅनर (ईसीएममधली माहिती वाचणारं यंत्र) लावून सेल्फ मारताना इंजिनाचे आरपीएम बघा. दीडशे ते तीनशेच्या मधे काहीतरी दिसलं पाहिजे. शून्यच दिसत असेल तर सेन्सर, त्याची वायर किंवा ते चक्र. दोन वायरींचा सेन्सर असेल तर कपलर काढून, मीटर एसीवर ठेवून सेल्फ मारला की थोडं तरी व्होल्टेज उमटायला हवं. तीन वायरींचा असेल तर आधी त्याला पुरवठा आणि अर्थ मिळतोय का ते बघायचं. कोड, म्हणजे ईसीएमने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक, वाचताना एक शिस्त पाळावी. कपलर सुटलेले असताना कुणी चावी चालू केली असेल तर जुने कोड साठून राहिलेले असतात. सगळे कोड आधी लिहून घ्या, पुसून टाका, दहा सेकंद सेल्फ मारा आणि परत वाचा. जे परत आले तेच खरे. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. पी ०७०५ म्हणजे ऑटोमॅटिकचा गिअर ओळखणारा स्विच. यू ०१०१ म्हणजे गिअरबॉक्सचा कंट्रोलर संपर्कातच नाही.

सेल्फ एका दमात दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मधे अर्धा-एक मिनिट थांबावं. नाहीतर शोध चालू असतानाच सेल्फ जळतो. पेट्रोल गाडीत फार वेळ सेल्फ मारून प्लग भिजले असतील तर बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात आणि आतलं पेट्रोल बाहेर पडतं.

बाकीच्या गोष्टी पटकन बघून होतात. चावी चालू केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची घूंऽ ऐकू येते का. एअर फिल्टरच्या नळीवरचा सेन्सरचा कपलर लागला का. नळीत धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेला कापडाचा बोळा काढला का. नळीचा क्लॅम्प सैल राहिला तर गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. डिझेल गाडीत फिल्टर बाजूला घेताना पाइप सोडला असेल तर हवा शिरलेली असते. हातपंप कडक होईपर्यंत दाबायचा. कॉमन रेल इंजिनाला रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत) पुरेसा दाब तयार झाल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडूच देत नाही, त्यामुळे गाडी अडायला थोडीशी हवाही पुरते. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेलं फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन अजून पुष्कळ गाड्यांत जोमाने चालतंय, त्यालाही हे लागू.

ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये (पार्क) सुरू होत नसेल तर ‘एन’मध्ये (न्यूट्रल) सेल्फ मारून बघा. ‘एन’मध्ये लागला तर शिफ्ट केबल किंवा गिअरबॉक्सवरचा स्विच जुळवायचा राहिलाय. एएमटीची (स्वतःच गिअर बदलणाऱ्या मॅन्युअल गिअरबॉक्सची) गोष्ट आणखी वेगळी. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे स्वस्त गाड्यांत आली आणि आज गल्लोगल्ली आहे. आत साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त ते चालवायला मोटर किंवा तेलाच्या दाबाचं यंत्र. हायड्रॉलिक प्रकारात ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की पंपाची घरघर ऐकू येते. ती येत नसेल तर पंपाचा फ्यूज, कपलर आणि तेलाची पातळी बघायची. क्लच किंवा गिअरबॉक्स बदलल्यावर क्लच नेमका कुठे धरतो ते कंट्रोलरला स्कॅनरने शिकवावं लागतं. ते केलं नाही तर त्याच्या लेखी गिअर न्यूट्रलमध्ये आहे की नाही हेच नक्की नसतं, आणि तो सेल्फची परवानगी नाकारतो. हा बिघाड नाही, राहिलेलं काम आहे. ज्या गॅरेजकडे त्या गाडीला चालणारा स्कॅनर नाही, त्यांनी एएमटीचा गिअरबॉक्स उतरवायला घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कंट्रोलर संपर्कात नसेल तर बॅटरीची वायर काढून, ओबीडीच्या (स्कॅनर जोडायच्या) कपलरमधल्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमधला विरोध मोजा. ६० ओहम आला तर कॅनच्या (कंट्रोलर एकमेकांशी ज्यांवरून बोलतात त्या) दोन्ही वायरी टोकापर्यंत शाबूत आहेत. १२० आला तर एका टोकाच्या कंट्रोलरचा जोड तुटलेला आहे. गिअरबॉक्सचा मोठा कपलर परत बघा, त्याची कडी पूर्ण बसली का आणि एखादी पिन वाकून मागे गेली का. शून्याच्या जवळ आला तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत.

वापरलेला गिअरबॉक्स आणायचा असेल, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा कुठूनही, तर तो गाडीला लावण्याआधी जुन्याच्या शेजारी जमिनीवर ठेवा. शाफ्टच्या स्प्लाइन मोजा. सेल्फची खाच, क्रँक सेन्सरचं भोक, अर्थिंगची टेकी, स्विचांच्या जागा, एकेक जुळवा. दोन स्विचांचे कपलर सारखेच दिसत असतील तर काढतानाच त्यांना रंगीत टेप लावा. दुकानातून हलायच्या आत हे बघितलं तर परत द्यायची सोय राहते.

धक्का मारून गाडी सुरू करायचा मोह आवरावा, निदान गिअरबॉक्समध्ये तेल भरलंय याची खात्री होईपर्यंत. नवा बॉक्स बहुधा कोरडा येतो. छोट्या मॅन्युअल गाडीला साधारण दोन लिटरच्या आसपास तेल लागतं. नेमका आकडा आणि ग्रेड मॅन्युअलमधून घ्यावा आणि लेव्हलच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरावं. ऑटोमॅटिकला तर धक्का चालतच नाही, आणि तेलाशिवाय इंजिन सुरू केलं तर तिचा पंप काही क्षणांत खराब होतो.

गाडी सुरू झाली की लगेच रस्त्यावर नेऊ नका. ऑइलचा दिवा विझला का बघा. इंजिन जॅकवर तोलताना मधे लाकडी फळी नसली तर चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) आत चेपतो आणि तेल ओढणारी जाळी अडते. क्लच दाबून आणि सोडून आवाजातला फरक ऐका. रिव्हर्स टाकून मागचा पांढरा दिवा लागतो का बघा. हेडलाइट, पंखा, एसी सगळं चालू करून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात का मोजा. मग पन्नासेक किलोमीटर चालवून गाडी परत वर घ्या, ड्राइव्ह शाफ्टच्या सीलपाशी तेल पाझरतंय का ते बोट फिरवून बघा, आणि माउंटिंगच्या बोल्टांबरोबर त्या अर्थिंगच्या बोल्टलाही पान्याचा एक हात द्या.